विश्लेषण : पाच पुरुषांच्या यादीखाली जोडलेली एक ओळ… जैवसंख्याशास्त्राची शाळा उभारणाऱ्या गर्ट्रूड कॉक्स कोण होत्या?

अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी लागली की पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांमध्ये संशोधनाचे छोटे अभ्यासक्रम सुरू होतात. त्यातला एक प्रकार जैवसंख्याशास्त्राचा. साधारण सहा आठवडे हे विद्यार्थी औषधांच्या चाचण्यांतला खरा डेटा हाताळतात, त्यातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही हे शिकतात. अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेच्या निधीतून २००४ च्या सुमारास अशा ‘समर इन्स्टिट्यूट’ सुरू झाल्या. त्यातले एक सुरुवातीचे केंद्र होते नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ. तिथेच हे केंद्र का, याचे उत्तर १९४० साली तिथे रुजू झालेल्या एका प्राध्यापिकेपर्यंत घेऊन जाते. गर्ट्रूड मेरी कॉक्स हे त्यांचे नाव. त्यांच्याकडे कमावलेली डॉक्टरेट नव्हती आणि त्या पदासाठीच्या पहिल्या यादीत त्यांचे नावही नव्हते.

सुरुवात कुठून झाली?

गर्ट्रूड कॉक्स यांचा जन्म १३ जानेवारी १९०० रोजी अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या डेटन या गावाजवळ, शेतकरी कुटुंबात झाला. १९१८ मध्ये पेरी इथल्या हायस्कूलमधून त्या बाहेर पडल्या. गणितात हुशार होत्या, पण गणितात करिअर करण्याचा विचार डोक्यात नव्हता. मेथडिस्ट चर्चमध्ये सेविका व्हायचे, समाजकार्य करायचे हे त्यांनी ठरवले होते. त्या दिशेने प्रशिक्षण घेतले आणि काही काळ मोंटाना राज्यातल्या एका अनाथाश्रमात सोळा लहान मुलांची ‘हाऊस मदर’ म्हणून काम केले.

या कामात वर चढायचे, म्हणजे अनाथाश्रमाची अधीक्षक व्हायचे, तर पदवी हवी होती. म्हणून १९२५ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी एम्स इथल्या आयोवा स्टेट कॉलेजात प्रवेश घेतला. मानसशास्त्र, हस्तकला असे आश्रमाला उपयोगी पडतील असे विषय निवडले. मुख्य विषय मात्र गणित घेतला, कारण तो त्यांना सोपा जायचा. पुढचे सगळे आयुष्य याच सोयीच्या निवडीने बदलले.

कॅल्क्युलेटरच्या खोलीत काय घडले?

आयोवा स्टेटमध्ये जॉर्ज स्नेडेकर हे गणिताचे प्राध्यापक होते. शेतीच्या प्रयोगांतून येणाऱ्या आकड्यांचा अर्थ लावण्याचा त्यांना ध्यास होता. हेन्री वॉलेस हे त्यांचे सहकारी. मक्याच्या वाणांवर काम करणारे आणि शेतीविषयक नियतकालिक चालवणारे हेच वॉलेस पुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष झाले. १९२५ मध्ये या दोघांनी मिळून यंत्राच्या साह्याने सहसंबंध कसा काढायचा यावर पुस्तिका काढली. कॉलेजमध्ये पंचकार्ड आणि टेबलावरची गणनयंत्रे आली आणि आकडेमोडीसाठी स्वतंत्र विभाग उभा राहिला.

स्नेडेकर यांनी कॉक्स यांना याच कामासाठी बोलावले. आज ‘कॉम्प्युटर’ म्हटले की यंत्र डोळ्यांसमोर येते. त्या काळी हा शब्द माणसांसाठी, बहुतेक वेळा तासन्‌तास बेरजा-गुणाकार करणाऱ्या स्त्रियांसाठी वापरला जात असे. कॉक्स यांनी हे काम केले, पण आकड्यांच्या पलीकडेही पाहिले. एखाद्या संशोधकाने वर्षभर राबून आणलेल्या आकड्यांतून काहीच निष्कर्ष निघत नाही, कारण प्रयोगच चुकीचा आखला होता, हे अशा टेबलावर बसणाऱ्याला सगळ्यात आधी कळते.

१९२९ मध्ये त्या पदवीधर झाल्या. १९३१ मध्ये त्यांना संख्याशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळाली. आयोवा स्टेटने या विषयात दिलेली ही पहिलीच पदवी. त्यानंतर दोन वर्षे त्यांनी कॅलिफोर्नियात बर्कलीला मानसशास्त्रीय संख्याशास्त्राचा अभ्यास केला. १९३३ मध्ये स्नेडेकर यांनी संख्याशास्त्राची स्वतंत्र प्रयोगशाळा सुरू केली आणि गणन विभाग सांभाळायला कॉक्स यांना परत बोलावले. डॉक्टरेट अर्धवट टाकून त्या आल्या. ती पुढे कधीच पूर्ण झाली नाही.

प्रयोग आखायचा म्हणजे नेमके काय करायचे?

कॉक्स यांच्या कामाचा गाभा इथे आहे. समजा, मक्याचे चार वाण आहेत आणि कोणता जास्त पिकतो हे पाहायचे आहे. शेताचे चार तुकडे करून प्रत्येकात एक वाण लावला, तर अडचण येते. एका तुकड्याशेजारी ओढा असेल, दुसऱ्यात मुरूम असेल. जास्त उत्पन्न आले ते वाणामुळे की ओलाव्यामुळे, हे नंतर कितीही गणित केले तरी सांगता येणार नाही.

इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी यावर उपाय मांडला. शेताचे सोळा वाफे करायचे, चार ओळी आणि चार रांगा. प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत एकदा आणि प्रत्येक रांगेत एकदाच येईल अशी मांडणी करायची. मग ओलावा डावीकडून उजवीकडे वाढत असो की वरून खाली, त्याचा फायदा-तोटा सगळ्या वाणांना सारखाच मिळतो. याला लॅटिन चौरस म्हणतात. सुडोकू सोडवणाऱ्यांना ही कल्पना लगेच ओळखीची वाटेल. शिवाय अशा अनेक मांडण्यांपैकी कोणती वापरायची हे संशोधकाने आवडीने ठरवायचे नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, म्हणजे मनातला कल निकालात शिरत नाही.

शेतीतली ही युक्ती दवाखान्यात जशीच्या तशी लागू पडते. ओळींच्या जागी रुग्ण, रांगांच्या जागी आठवडे आणि वाणांच्या जागी औषधे ठेवली की झाले. कोणत्या रुग्णाला औषध आणि कोणाला नेहमीचा उपचार, हे डॉक्टरांच्या अंदाजावर न सोडता चिठ्ठीने ठरवायचे, या तत्त्वावर ब्रिटनमध्ये क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी झाली. तिचे निकाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. आधुनिक क्लिनिकल ट्रायलची सुरुवात म्हणून तिच्याकडे बोट दाखवले जाते.

फिशर १९३१ च्या उन्हाळ्यात आयोवा स्टेटमध्ये पाहुणे प्राध्यापक म्हणून शिकवायला आले होते. १९३६ च्या उन्हाळ्यात ते पुन्हा आले. एम्स हे अमेरिकेतले फिशर-पद्धतीचे मुख्य केंद्र बनले, त्यात या उन्हाळी वर्गांचा मोठा वाटा होता. सुट्टीत विद्यापीठ रिकामे असते, बाहेरचा तज्ज्ञ येऊ शकतो आणि इतर ठिकाणचे शिक्षकही शिकायला येऊ शकतात. उन्हाळ्याचा हा उपयोग कॉक्स यांनी पुढे मोठ्या प्रमाणावर करून घेतला.

१९३४ पासून त्या स्वतः प्रयोगरचना शिकवू लागल्या. सिद्धता फळ्यावर लिहिण्यापेक्षा खऱ्या प्रयोगांची उदाहरणे देण्यावर त्यांचा भर असे. प्रयोगाचा उद्देश आधी स्पष्ट लिहा, प्रयोग कसा करणार याचे तपशील लिहा आणि आकडे हाती येण्यापूर्वीच त्यांचे विश्लेषण कसे करणार याचा आराखडा मांडा, हे त्यांच्या शिकवण्याचे सूत्र. आज क्लिनिकल ट्रायल सुरू होण्याआधी विश्लेषणाचा आराखडा लिहून ठेवावा लागतो, त्यामागचा विचार हाच आहे.

यादीत नाव नसताना पद कसे मिळाले?

१९४० मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट कॉलेजला शेती विद्याशाखेत संख्याशास्त्राचा नवा विभाग काढायचा होता. प्रमुखपदासाठी योग्य नावे सुचवा, अशी विचारणा स्नेडेकर यांच्याकडे झाली. त्यांनी पाच नावे काढली. पाचही पुरुषांची.

पत्र पाठवण्यापूर्वी स्नेडेकर यांनी ही यादी कॉक्स यांना दाखवली. माझे नाव यात का नाही, असे कॉक्स यांनी सरळ विचारले. स्नेडेकर हे त्यांचे गुरू, दहा-बारा वर्षे एकत्र काम केलेले, त्यांच्या कुवतीची पुरेपूर कल्पना असलेले. त्यांच्या मनात आकस होता असे नाही. विभागप्रमुख म्हटल्यावर बाईचे नाव त्यांना सुचलेच नव्हते, इतकेच. प्रश्न आल्यावर त्यांनी पत्राच्या शेवटी एक ओळ जोडली. या पदासाठी स्त्रीचा विचार करणार असाल तर माझ्या विभागातल्या गर्ट्रूड कॉक्स यांची शिफारस करतो, अशा आशयाची.

नॉर्थ कॅरोलिनाने त्या एका ओळीतल्या उमेदवाराची निवड केली. चाळिसाव्या वर्षी कॉक्स प्रायोगिक संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. त्या संस्थेतल्या त्या पहिल्या महिला पूर्ण प्राध्यापक आणि पहिल्या महिला विभागप्रमुख होत्या.

या प्रसंगात नशिबाचा भाग थोडा आहे. यादी त्यांच्या हाती पडली, हे नशीब. ती पाहून गप्प न बसणे हा त्यांचा निर्णय होता. आणि जिथे यादी कोणी दाखवलीच नाही, अशा किती जणी मागे राहिल्या असतील, हा प्रश्नही याच प्रसंगात दडलेला आहे.

त्यांनी नेमके काय उभारले?

कॉक्स यांनी विभाग उभारला आणि तिथे न थांबता साखळी तयार केली. १९४४ मध्ये रॉकफेलर घराण्याच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या जनरल एज्युकेशन बोर्डाच्या मदतीने ‘इन्स्टिट्यूट ऑफ स्टॅटिस्टिक्स’ आकाराला आली आणि तिच्या संचालकपदी त्या आल्या. रालेमध्ये प्रत्यक्ष उपयोगाचे संख्याशास्त्र आणि जवळच्या चॅपल हिलमध्ये सैद्धांतिक, अशी विभागणी झाली. १९४६ मध्ये चॅपल हिलच्या गणिती संख्याशास्त्र विभागाची धुरा हॅरॉल्ड हॉटेलिंग यांच्याकडे आली. स्वतःपेक्षा गणितात वरचढ असलेल्या माणसांना बोलावून आणण्यात कॉक्स यांना कमीपणा वाटला नाही. विल्यम कॉक्रनही याच काळात नॉर्थ कॅरोलिनात आले.

तिसरा टप्पा आरोग्याचा. १९४९ मध्ये चॅपल हिलच्या सार्वजनिक आरोग्य विद्याशाखेत जैवसंख्याशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी डॉक्टरेट कॉक्स यांच्या विभागातून घेतली होती. शेतीत तयार झालेली पद्धत रुग्णालयात जाण्याचा रस्ता असा बांधला गेला. १९५४ मध्ये अमेरिकेत पोलिओच्या साल्क लशीची चाचणी झाली, त्यात सुमारे १८ लाख मुले सहभागी होती. एवढ्या मोठ्या प्रयोगांसाठी संख्याशास्त्र जाणणारी माणसे मोठ्या संख्येने लागणार होती आणि ती घडवणाऱ्या जागा तेव्हा मोजक्याच होत्या.

माणसे घडवण्याचा कॉक्स यांचा एक मार्ग म्हणजे छोटे, सघन वर्ग. एकेका विषयाला वाहिलेल्या आठवडाभराच्या कार्यपरिषदा त्यांनी भरवल्या. तिथे संख्याशास्त्रज्ञ आणि त्या विषयातले संशोधक एकाच टेबलावर बसत. अमेरिकेच्या दक्षिणेकडची राज्ये तुलनेने मागास होती. प्रत्येक विद्यापीठाला संख्याशास्त्राचा पूर्ण विभाग परवडणारा नव्हता. तेव्हा अनेक विद्यापीठांनी मिळून उन्हाळी सत्रे भरवायची आणि शिक्षक वाटून घ्यायचे, अशी सहकारी पद्धत १९५४ पासून सुरू झाली. या चळवळीमागेही कॉक्स यांचा हात होता. आजच्या उन्हाळी संशोधन अभ्यासक्रमांचे थेट जनकत्व कोणा एका व्यक्तीला देता येणार नाही. पण सुट्टीचे काही आठवडे, खरा डेटा आणि शेजारी बसलेला विषयतज्ज्ञ हे त्यांचे सूत्र कॉक्स यांच्या काळातच रुजले होते.

पुस्तक आणि नियतकालिक का महत्त्वाचे ठरले?

१९४५ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या जैवमिती विभागाने एक छोटी पत्रिका सुरू केली. कॉक्स तिच्या संपादक झाल्या. १९४७ मध्ये तिचे नाव ‘बायोमेट्रिक्स’ झाले आणि १९५५ पर्यंत त्यांनी ती सांभाळली. आज जैवसंख्याशास्त्रातल्या सर्वात प्रतिष्ठित नियतकालिकांमध्ये तिचा समावेश होतो. १९४७ मध्येच मॅसॅच्युसेट्समधल्या वूड्स होल इथे आंतरराष्ट्रीय बायोमेट्रिक सोसायटी स्थापन झाली. फिशर पहिले अध्यक्ष होते. स्थापनेत सहभागी असलेल्या कॉक्स १९६८-६९ मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या.

१९५० मध्ये कॉक्रन आणि कॉक्स यांचे ‘एक्सपेरिमेंटल डिझाइन्स’ हे पुस्तक आले. वर्गात वाटलेल्या सायक्लोस्टाइल टिपणांतून ते तयार झाले होते. प्रयोगाच्या कोणत्या परिस्थितीत कोणती मांडणी वापरायची, याचे तयार नकाशे त्यात होते. गणितात फार खोल न जाणाऱ्या संशोधकालाही ते वापरता येई. १९५७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली आणि पुढची कित्येक वर्षे प्रयोगशाळांमध्ये ते हाताशी ठेवायचे पुस्तक राहिले.

मानसन्मानही आले. १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेवर निवडून गेलेल्या त्या पहिल्या महिला ठरल्या. १९५६ मध्ये त्या अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या अध्यक्ष होत्या. १९५८ मध्ये आयोवा स्टेटने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या कामासाठी त्यांनी पीएच.डी. सोडली, त्याच कामासाठी त्यांना डॉक्टर ही उपाधी मिळाली.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

संबंध दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत. पहिला चॅपल हिलमधला. राजचंद्र बोस आणि समरेंद्रनाथ रॉय हे कोलकात्याचे संख्याशास्त्रज्ञ १९५० च्या आगेमागे तिथे शिकवायला गेले. बोस यांच्या मार्गदर्शनाखाली शरच्चंद्र शंकर श्रीखंडे या मराठी गणितज्ञाने १९५० मध्ये तिथून डॉक्टरेट मिळवली. लॅटिन चौरसांबद्दल ऑयलर यांनी १७८२ मध्ये एक अंदाज बांधला होता. ठरावीक आकारांच्या लॅटिन चौरसांची एकमेकांना पूरक अशी जोडी बनूच शकत नाही, असा तो अंदाज. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी सहापेक्षा मोठ्या अशा सगळ्या आकारांसाठी तो खोटा ठरवला आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. शेतातल्या वाफ्यांच्या मांडणीसाठी वापरला जाणारा चौरस शुद्ध गणितातला जवळपास पावणेदोनशे वर्षे जुना प्रश्न सोडवून गेला. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले.

दुसरा संबंध नोकरीचा. ‘सॅस’ हे संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नॉर्थ कॅरोलिना स्टेटमध्ये जन्मले. दक्षिणेकडच्या शेती संशोधन केंद्रांचा डेटा हाताळण्यासाठी ते बनवले गेले आणि १९७६ मध्ये त्याची कंपनी झाली. कॉक्स तोपर्यंत निवृत्त झाल्या होत्या, ते त्यांनी लिहिले नाही. पण ज्या विभागात ते तयार झाले तो त्यांचा होता. औषध कंपन्या चाचण्यांचे विश्लेषण करताना हे सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर वापरतात. पुण्यात या कंपनीचे संशोधन केंद्र आहे आणि क्लिनिकल डेटावर काम करणारे हजारो तरुण याच भाषेत रोज प्रोग्रॅम लिहितात.

शेवटची वर्षे कशी गेली?

१९६० मध्ये कॉक्स विद्यापीठातून निवृत्त झाल्या. पण लगेच रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या नव्या संशोधन संस्थेच्या संख्याशास्त्र विभागाची जबाबदारी त्यांनी घेतली. राले, डरहॅम आणि चॅपल हिल या तीन विद्यापीठनगरांच्या मध्ये ही संस्था उभी राहिली. त्यानंतर त्यांनी सल्लागार म्हणून इजिप्त, थायलंड अशा देशांत काम केले. कैरो विद्यापीठात संख्याशास्त्राची संस्था सुरू करण्यात त्यांनी मदत केली. १९७५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. तेव्हा त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत्या.

पुढे त्यांना ल्युकेमिया झाला. ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात उपचार सुरू झाले. या काळात त्यांनी स्वतःच्या आजाराच्या आणि उपचारांच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या. प्रयोगात ज्या एककावर उपचार करून परिणाम मोजतात, ते एकक आता आपणच आहोत, असे त्या गमतीने म्हणत. १७ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

आज यातून काय घ्यायचे?

जैवसंख्याशास्त्रात करिअर करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दोन गोष्टी. अमेरिकेतल्या सरकारी निधीच्या उन्हाळी संस्था तिथल्या नागरिकांसाठी आणि कायमस्वरूपी रहिवाशांसाठीच असतात. भारतात विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीतून दोन महिने एखाद्या संशोधकाच्या हाताखाली काम करता येते आणि त्यात गणिती विज्ञानांचाही समावेश असतो.

दुसरी गोष्ट कॉक्स यांच्या आयुष्यातली. डेटा हाती आल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे इमारत बांधून झाल्यावर पाया तपासायला माणूस आणणे. प्रयोग सुरू होण्याआधी त्याला टेबलावर बसवा, हा आग्रह कॉक्स यांनी आयुष्यभर धरला. त्या टेबलावर कोणाला बसवायचे याच्या याद्या आजही कुठेतरी बनत असतात. १९४० मध्ये एक यादी बदलली, कारण ती ज्यांना दाखवली गेली त्यांनी आपले नाव त्यात शोधले.